त्याला जोर यावा म्हणून

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा बाबांची बदली नांदेडहून तिकडे झाली. आई नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि तिची बदली लगेच होणार नव्हती. धाकटा भाऊ अजून तिचा पदर सोडत नव्हता, म्हणून तो तिच्याजवळ राहिला आणि मी बाबांबरोबर गेले. दिवसपाळ्या-रातपाळ्या करून दोन लेकरं तिला एकटीला आवरली नसती. शिवाय लातुरात तिची धाकटी बहीण दिलेली होती. "मावशी हाय ना तिथं, मग तुला कायची चिंता," असं म्हणून आईनं मला एस.टी.त बसवलं. गाडी लोह्याला येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. बाबांना ते कळलं असणार. लोह्याच्या स्टँडवर त्यांनी काही न विचारता मला गारीगार घेऊन दिलं.

बाबा कलेक्टर कचेरीत कारकून होते. कचेरी नवी, म्हणजे नुसती पाटी नवी होती. टेबलं यायची होती, फायली जुन्या जिल्ह्यातून पोत्यांत भरून येत होत्या आणि कुठली फाईल कुठल्या जिल्ह्याची हे वेगळं करण्यातच बाबांचा दिवस जायचा. त्यात दुष्काळ. दिवेलागणीनंतर ते घरी यायचे तेव्हा अंगावर फायलींची धूळ असायची आणि ती धुवायला पाणी नसायचं. ओला पंचा चेहऱ्यावरून फिरवून ते जेवायला बसत. आमच्या दोन खोल्या एका घराच्या मागल्या बाजूला होत्या. नळ होता, पण त्याचा उपयोग मी दप्तर अडकवायला करत असे.

शाळेत पहिल्याच दिवशी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या बाकावर माझ्याशेजारची जागा मोकळी राहिली. कोणी वाईट बोललं नाही, मारलं नाही. मुली खेळायला जाताना मला बोलवायचं विसरत, एवढंच. नांदेडला आमच्या गल्लीत सगळ्या आमच्याच लोकांच्या मुली होत्या, त्यामुळे असं काही असतं हे मला ऐकून ठाऊक होतं, अंगावर आलं नव्हतं. बाबांना मी ते सांगितलं नाही. मावशीला सांगितलं.

मावशी म्हणाली, "बरं झालं. आता त्या जागेवर दप्तर ठिव, ऐसपैस."

मावशी उंच होती. वरच्या ओळीत एक दात दुसऱ्यावर चढलेला, त्यामुळे ती हसली की कुणालाही हसू यायचं. दहावी पास होती. रेल्वेच्या रुळापलीकडे आमच्याच लोकांची एक वस्ती होती, तिथे तिचं घर. नवऱ्याचं, म्हणजे माझ्या काकांचं, रस्त्याच्या कडेला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. काका फार बोलत नसत. हातात पाना असला म्हणजे त्यांना माणसांची गरज नसे. मूलबाळ नव्हतं. त्यावरून वस्तीत तिला काय ऐकावं लागत असेल ते आता कळतं. तेव्हा मला वाटे, तिला मूल नाही ते माझ्यासाठी सोयीचंच आहे.

एक दिवसाआड ती आमच्याकडे येऊन भाकरी करून द्यायची. त्याआधी मला स्टँडवर घेऊन जायची. स्टँडच्या भिंतीला लागून एका म्हाताऱ्या चाचांचं पुस्तकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि दोन खिळ्यांना बांधलेली दोरी. दोरीवर कॉमिक्स कपड्यांसारखी चिमटे लावून टांगलेली असत. चाचा ती भाड्यानं देत. बहुतेक सगळी हिंदी. आमच्या भागात ती अडचण नव्हती. चाचा, काका, टांगेवाले, सगळेच अर्धे हिंदीत बोलत.

त्यातल्या एका मालिकेचं आम्हाला वेड लागलं होतं. एक नायक होता, तोंडावर मुखवटा, दंड फुगलेले. आणि त्याच्याबरोबर काम करणारी एक बाई होती. निळा पोशाख, कमरेला पट्टा, केस मोकळे. ती तळवा पुढे करायची आणि वादळ थांबायचं. पूर आला तर पाणी मागे हटायचं. पहिल्या काही अंकांत तर तिनंच त्याला वाचवलं होतं. एकदा कोसळत्या पुलाखालून, एकदा आगीतून. मावशीनं तिचं नाव कधी घेतलं नाही. ती तिला 'आपली' म्हणायची.

"आपलीचा नवा अंक आला का, चाचा?"

चाचांना पण सवय झाली होती. "आया ना बाई, तुम्हारीवाली का आया," म्हणत ते चिमटा काढायचे.

घरी आल्यावर मावशी पीठ मळायला बसायची आणि मी मोठ्यानं वाचायचे. तिचे हात पिठात, म्हणून ती हनुवटीनं खूण करायची. "थांब. चित्र दाखव." मग वाकून बघायची. मुखपृष्ठावर नेहमी तो पुढे आणि आपली त्याच्या खांद्याआड असायची. हे मावशीच्या लक्षात आलं, माझ्या नाही. "ह्यानं जरा बाजूला व्हावं की," ती म्हणायची. कधीकधी वाचणं स्वतःकडे घ्यायची आणि आवाज काढायची. दुष्टाचा आवाज घरमालकासारखा, नायकाचा रेडिओवर बातम्या देणाऱ्यासारखा. आपलीला मात्र ती स्वतःचाच आवाज द्यायची, वस्तीतला. "ए, सर तिकडं. येऊन राह्यलंय वादळ, दिसत न्हाई का?" मी हसून लोळायचे. नव्या गावात मी हसायचे ती त्याच वेळी.

त्या उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटली. लांबच्या एका विहिरीवरून पाणी आणायला बायकांची पहाट जायची. टँकर बाकीच्या भागांत यायला लागले होते, रुळापलीकडे यायचं अजून कुणी ठरवलं नव्हतं. एक दिवस बाबा घरी आले ते जेवायला न बसता उभेच राहिले.

"आज तुझी मावशी आली होती कचेरीत."

"कशाला?"

"घागर घेऊन. वस्तीतल्या सगळ्या बाया होत्या. रिकाम्या घागरी मांडल्या व्हरांड्यात आणि बसल्या."

शिपाई त्यांना उठवायला गेला तेव्हा मावशी म्हणाली होती, "आमी बसून राहतो भाऊ. तुमचं काम चालू द्या." साहेब बाहेर आले, त्यांनाही तिनं तेच सांगितलं. आवाज चढवला नाही. दुपारभर त्या उन्हात बसल्या. बाबा आधी फायलींच्या कपाटामागे होते. सख्खी मेहुणी अशी बसलेली, आणि आपण त्याच कचेरीत नोकरीला. त्यांना कुठे तोंड करावं ते कळेना. मग त्यांना राहवलं नाही. कचेरीत एकच माठ होता. त्यातलं पाणी तांब्यात घेऊन ते व्हरांड्यात गेले. मावशीनं तांब्या आधी शेजारच्या एका म्हातारीकडे दिला आणि बाबांना म्हणाली, "दाजी, तुमी जा आत. तुमची नोकरी हाय."

दुसऱ्या दिवशी टँकर मंजूर झाला. बाबा मला सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज कसातरीच झाला होता. त्यात अभिमान होता हे मला नंतर समजलं.

काका त्या दिवशी दुकानातच होते. ते मावशीला "कशाला पडतीस कचेरीच्या भानगडीत" एवढं म्हणाले होते, आणि ती त्यांची भाकर झाकून ठेवून निघाली होती. हे मावशीनंच मला हसत सांगितलं. त्यात तक्रार नव्हती. माणूस भित्रा आहे, पण आपला आहे, असा तिचा सूर होता.

त्याच सुमारास आपलीचा तो अंक आला. मुखपृष्ठावर नायक गुडघ्यावर बसलेला आणि त्याच्या हातांवर ती आडवी, केस खाली लोंबलेले. स्टँडच्या ओट्यावर बसूनच आम्ही तो उघडला. सुरुवातीच्याच पानांत दुष्टानं तिला एका खोलीत कोंडलं, खांबाला बांधलं आणि मारलं. ती लढली नाही. तिनं तळवा पुढे केला नाही. नुसती "बचाओ" म्हणाली आणि त्याचं नाव घेतलं. मग पानभर तो रडला, आणि उरलेला सगळा अंक तो सूड घेत सुटला. कधी नव्हे इतका जोरात. भिंती फोडल्या, गाड्या उचलून फेकल्या.

मावशीनं अंक परत पहिल्यापासून बघितला. एखादं पान राहून गेलं असावं तशी बोटानं चाचपत होती.

"हिच्या हातात वादळ थांबवायची ताकद हाय," ती म्हणाली. "आन दोरी तुटंना?"

मला रडू येत होतं.

चाचांच्या दुकानाशी जाऊन तिनं अंक परत दिला. "चाचा, हिला कामून मारलं?"

चाचांनी चष्मा वर केला. "उसकू मारे तबीच तो इसकू जोश आया ना, बाई. नै तो ये कायकू इतना लडता?"

"म्हणजे त्याला जोर यावा म्हणून हिनं मरायचं?"

चाचा हसले. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी दुसऱ्या मालिकेतला एक अंक काढून पुढे केला. मावशीनं घेतला नाही.

रस्त्यानं ती माझ्या चार पावलं पुढे चालली. रुळाजवळ आल्यावर म्हणाली, "मेली न्हाई ती."

"मेली की. चित्रात दाखवलंय."

"चित्र काढणाऱ्याला काय म्हाईत. तिनं दम कोंडून धरला व्हता. हा रडत रडत निघून गेला तवा उठली, दोरी सोडली आन गेली."

"कुठं?"

"हिकडं कुठंतरी. आपल्याच बाजूला."

तिथून पुढे ती गोष्ट रोज वाढत गेली. भाकरी थापता थापता मावशी सांगायची. आपली आता उदगीरच्या बाजूला होती, एका खेड्यात गारपीट थांबवत होती. मग नायगावच्या बाजाराला गेली, तिथं पोशाख मळला म्हणून लुगडं नेसली. पोळपाट-लाटण्याची जोडी घेतली. तिकडे तो मोठ्या शहरात तिच्या नावानं गाड्या फेकतोय, आणि इकडे हिला पिठलं करायचं आहे, शेजारणीचं बाळंतपण आहे, ढग अडवायचे आहेत. "तो रडून राह्यलाय तिकडं, अन् हिला इकडं येळ न्हाई," मावशी म्हणायची आणि स्वतःच हसत सुटायची. मी विचारायचे, ती त्याला निरोप का देत नाही? मावशी जरा विचार करून म्हणायची, "देईल की. हातातलं काम झालं म्हंजी."

टँकर वस्तीत यायला लागला, पण एका वेळी सगळ्यांच्या घागरी भरेपर्यंत त्याला थांबायला सवड नसे. म्हणून तो आटलेल्या विहिरीत पाणी सोडून निघून जाई आणि मग बायका विहिरीतून शेंदून घेत. सगळीकडे तसंच चालायचं. टँकर गेला की विहिरीच्या काठावर झुंबड उडायची. मावशी तिथे उभी राहून रांग लावायची, आधी म्हाताऱ्या, मग पोटुशा, मग बाकीच्या. एका सकाळी कुणाचा तरी दोर खालच्या कपारीत अडकला. तो सोडवायला ती काठावर वाकली. काठाची दगडमाती ओल धरून भुसभुशीत झाली होती. ती मावशीला घेऊन विहिरीत ढासळली.

मी शाळेत होते. बाबा वर्गाच्या दारात आले. कचेरीच्या वेळेत ते कधी कुठे जात नसत, त्यामुळे त्यांना बघूनच मी दप्तर भरायला लागले.

दवाखान्यात काका बाहेर ओट्यावर बसले होते. पायात चप्पल नव्हती, हाताला सायकलचं काळं वंगण तसंच होतं. मला आत जाऊ दिलं नाही. दुपारच्या गाडीनं आई नांदेडहून आली. ड्युटीवरून तशीच निघालेली, अंगावर नर्सची पांढरी साडी. ती सरळ आत गेली, तिला कुणी अडवलं नाही. बाहेर आली तेव्हा ती काकांजवळ न जाता आधी माझ्याजवळ आली आणि माझी वेणी सोडून पुन्हा घालायला लागली. तेव्हा मला कळलं की मावशी वाचणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

पुढच्या रविवारी विहारात शोकसभा झाली. वंदना झाली, एक-दोघं बोलले, आणि मग कुणीतरी काकांना म्हणालं, दोन शब्द बोला. काका उभे राहिले. चारचौघांत ते कधी बोललेच नव्हते.

"साधी बाई व्हती ती," काका म्हणाले. "कधी उंबऱ्याभाईर पाऊल टाकलं न्हाई. चूल आन मी, एवढंच तिचं जग. मी झोपलेला व्हतो. ती गेली आन माझे डोळे उघडले. आता ह्या वस्तीला पाणी आणल्याबिगर मी गप बसणार न्हाई."

काका रडत होते, आणि सगळी सभा रडत होती. कचेरीच्या व्हरांड्यात घागरी घेऊन बसलेल्या बायका पुढेच बसल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं. आता कुणीतरी उठेल आणि सांगेल असं मला वाटलं. पण समोर एक माणूस बायकोसाठी हमसून रडत होता. त्याला मध्येच थांबवून काय सांगणार? कुणी उठलं नाही.

घरी येताना मी बाबांना म्हटलं, "मावशी तर कचेरीत आली होती."

"हो."

"मग काका असं का म्हणाले?"

बाबांनी माझं बोट धरलं. "त्याचं दुःख खरं आहे, बाळ. राहू दे."

काकांनी शब्द पाळला, हे मला सांगायलाच हवं. मावशीचा फोटो घेऊन त्यांनी मोर्चा काढला. फोटो लग्नानंतरचा, दोघांचा एकत्र होता. स्टुडिओवाल्यानं त्यातून तिला वेगळं काढून मोठं करून दिलं, आणि देताना ओठ रंगवून तो चढलेला दात झाकून टाकला. फोटोतली बाई शांत होती. वस्तीला आधी हातपंप मिळाला, मग पाईपलाईन आली. काका पांढरे कपडे घालायला लागले. दुकान बंद झालं. पुढे ते नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांनी खूप कामं केली, रस्त्याची, दिव्याची, मुलींच्या वसतिगृहाची. दुसरं लग्न केलं नाही. दरवर्षी मावशीच्या स्मृतिदिनाला कार्यक्रम व्हायचा आणि दरवर्षी ते भाषण व्हायचं. चूल आन मी, एवढंच तिचं जग.

मी मात्र त्या दोन खोल्यांत राहिले. शाळेतून आल्यावर बाबा येईपर्यंत घरात कुणी नसायचं. भाकरी मीच थापायला शिकले. ती एका बाजूला जळायची, दुसऱ्या बाजूला कच्ची राहायची. बाबा तशीच खायचे. आपलीची गोष्ट पुढे सांगायचा मी प्रयत्न केला. तव्याकडे बघत मोठ्यानं सुरू करायचे, "मग ती देगलूरला गेली..." आणि पुढे काही सुचायचं नाही. ती देगलूरला कशाला जाईल, तिथे तिला कोण भेटेल, हे फक्त मावशीला ठाऊक होतं. माझ्या तोंडून ती बाई नुसती रस्त्यात उभी राहायची. काही दिवसांनी मी सोडून दिलं.

एकदा स्टँडवर गेले. चाचांना कळलेलं होतं. त्यांनी मला पेटीवर बसायला जागा दिली आणि त्या मालिकेचा पुढचा अंक हातात ठेवला. नायकाच्या घरी भिंतीवर निळ्या पोशाखातल्या बाईचा फोटो होता, त्याला हार. नायक फोटोपुढे उभा राहून तिची शपथ घेत होता. पुढच्या खेपेला आणलेल्या अंकात फोटो एका चौकटीत कोपऱ्यात होता. मग तो दिसेनासा झाला आणि हिरव्या पोशाखातली एक नवी मुलगी त्याच्या खांद्याआड येऊन उभी राहिली. तो अंक मी अर्ध्यातच मिटून परत दिला. त्यानंतर मी कॉमिक्स वाचली नाहीत.

काही वर्षांनी बाबांना परत नांदेड मिळालं. माझं शिक्षण झालं, मी इथल्याच एका कॉलेजात शिकवायला लागले. लग्न झालं, मोडलं, त्याबद्दल इथे लिहायचं नाही. लातूरला जाणं कमी झालं. काकांचं स्मृतिदिनाचं निमंत्रण यायचं, मी परीक्षेचं कारण सांगायचे.

निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना वर्गातल्या एका विद्यार्थिनीनं सेमिनारसाठी विषय घेतला, कॉमिक्समधल्या बायका. मी ऐकत बसले होते. तिनं पडद्यावर एकामागून एक चित्रं दाखवली. देशोदेशींची, वेगवेगळ्या भाषांतली. सगळ्यांत एक पुरुष गुडघ्यावर आणि त्याच्या हातांवर एक बाई आडवी, केस खाली लोंबलेले. "मॅडम, ह्यातली प्रत्येक बाई स्वतः ताकदवान होती," ती म्हणाली. "पण तिचं मरण तिच्या गोष्टीचा भाग नाहीये. त्याच्या गोष्टीची ती सुरुवात आहे. त्याला कारण पाहिजे म्हणून तिला मारलंय." मुलांनी प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काहीतरी समारोप करायला हवा होता. मी "छान" म्हटलं आणि तास संपवला. त्या वर्षी निमंत्रण आलं तेव्हा मी काकांना कळवलं की येते, आणि मला बोलायचं आहे.

वस्तीत आता सगळी पक्की घरं होती. सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टेजवर तोच ओठ मिटलेला फोटो. काका थकले होते, गुडघे गेलेले, दोघांनी धरून त्यांना वर चढवलं. त्यांनी भाषण केलं. शब्द तेच होते. मग माझी पाळी आली.

मी टीका केली नाही. मी घागरींची गोष्ट सांगितली. व्हरांडा, ऊन, "आमी बसून राहतो भाऊ, तुमचं काम चालू द्या." बाबा आणि तांब्या. रांग कशी लागायची, आधी म्हाताऱ्या, मग पोटुशा. ती काठावर कशासाठी वाकली ते सांगितलं. ही गोष्ट तिथल्या तरुण मुलांनी कधी ऐकलीच नव्हती. मग मागच्या ओळीतून एक म्हातारी उठली.

"हाव. मी व्हते संगं," ती म्हणाली. "माझी घागर फुटकी व्हती. ती म्हणली, असू दे, त्यांना कुठं कळतंय. आण."

लोक हसले. मावशीच्या स्मृतिदिनाला लोक हसलेले मी पहिल्यांदा बघितले. काका मान खाली घालून बसले होते.

कार्यक्रमानंतर ते मला घरी घेऊन गेले. चहा त्यांनी स्वतः केला, ओट्याला टेकून उभं राहून. मी म्हटलं, "राग आला का, काका?"

"कशाचा राग?" त्यांनी कप पुढे केला. "मी त्या दिशी दुकानात बसून व्हतो. तिला जाऊ नको म्हणलो. विहारातल्या त्या सभेत उभा राह्यलो तर ते सांगायची लाज वाटली. तोंडातून भलतंच निघालं. लोक रडाय लागले. मग म्होरच्या सभेत तेच सांगावं लागलं. असं करता करता मलाच तसं वाटाय लागलं, की ती घरातच व्हती."

आम्ही चहा प्यायलो. मग मी त्यांना सांगितलं की आम्ही स्टँडवर जायचो, कॉमिक्स आणायचो.

"कोण, ती?" काकांनी कप खाली ठेवला. "ती वाचायची?"

"आवाज काढून वाचायची. घरमालकाचा, बातम्यांवाल्याचा."

"काढून दाखव."

मी प्रयत्न केला. जमलं नाही. माझा आवाज माझाच राहिला, वर्गात शिकवण्याचा. काका पुढे झुकून ऐकत होते, आणि मी थांबले तरी तसेच झुकलेले राहिले.

"तुझ्यापाशी लई हाय ग ती," ते म्हणाले. "माझ्यापाशी फोटोच हाय."

पुढच्या वर्षी काकांनी व्हरांड्यात बसलेल्यांपैकी ज्या कोणी उरल्या होत्या त्यांना स्टेजवर बसवलं. स्वतः खाली पुढच्या ओळीत बसले. बायकांना माईकवर बोलायची सवय नव्हती. एक जण दोन वाक्यं बोलून थांबली, दुसरी नुसती हात जोडून बसली. कुणी रडलं नाही. संयोजकांपैकी एक जण मला जाताना म्हणाला, "मॅडम, पहिल्यासारखी सभा झाली नाही." खरं होतं ते. त्यानंतर कार्यक्रम बंदच झाला.

आता रविवारी दुपारी काकांचा फोन येतो. तब्येतीचं, पावसाचं बोलणं होतं, आणि मग ते हळूच एखादी गोष्ट विचारतात. तिला कढी आवडायची का ग? ती मला काय म्हणायची तुझ्यापाशी? माहेरी असताना तिला पोहता यायचं का? मला ठाऊक असतं ते सांगते. आईला विचारून सांगितलं असतं, पण आई आता नाही. पुष्कळ वेळा मला ठाऊक नसतं, आणि तसं मी म्हणते. काका "बरं" म्हणतात. फोन मात्र ठेवत नाहीत, मीही ठेवत नाही.